हाडाला चिकटलेला दात जागेवर आणायचा असेल तर: तपासणी, शस्त्रक्रियेचा क्रम आणि मुळाची देखरेख

तारा लावून वर्ष उलटलं, बाकीचे दात ओळीत आले, पण वरचा एक पटाशीचा दात जागचा हलत नाही. उलट त्याच्या शेजारचे दोन दात वर ओढले गेले आणि समोर फट पडली. असा पेशंट येतो तेव्हा दोष बहुधा तारेचा नसतो. दात हाडाला चिकटलेला असतो आणि ते तपासायच्या आधीच तार लागलेली असते. दुसऱ्या टोकाला बारा-तेरा वर्षांची मुलं येतात. त्यांचा असाच दात कुणीतरी घाईने उपटलेला असतो आणि दातासोबत पुढचं पातळ हाडही गेलेलं असतं.

दोन्हीकडे उपचार माहीत नव्हते असं नसतं. क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. तो पेशंटसाठी आणि पालकांसाठी आहेच, पण असा दात पहिल्यांदाच हाताळणाऱ्या तरुण डेंटिस्टलाही उपयोगी पडावा. मुख्य उदाहरण मार लागून चिकटलेल्या वरच्या पुढच्या दाताचं घेतलं आहे. सुळा आणि दुधाची दाढ यांचा वेगळा मुद्दा जिथे येतो तिथे तो सांगितला आहे.

## आधी एवढं समजून घ्या

निरोगी दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा जिवंत पडदा असतो, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. ब्रेसेसने दात सरकतो तो या पडद्याच्या जोरावर. दात मार लागून आत घुसला, किंवा पूर्ण निघून आला आणि उशिरा परत बसवला, की या पडद्यातल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. रिकाम्या झालेल्या जागेत हाड वाढतं आणि मूळ थेट हाडाला जुळतं. हेच अँकिलोसिस.

यातून दोन गोष्टी सुरू होतात. वाढत्या वयात जबडा आणि शेजारचे दात खाली येत राहतात, पण हा दात भिंतीत चुन्यात बसवलेल्या खुंटीसारखा तिथेच राहतो आणि दरवर्षी आखूड दिसू लागतो. शिवाय शरीर त्या मुळालाही हाडच समजतं. हाड जसं सतत झिजतं आणि नव्याने बनतं, तसं मूळ कुरतडलं जातं आणि त्याच्या जागी हाड भरतं. मुलांमध्ये काही वर्षांतच मूळ संपतं. प्रौढांमध्ये असा दात दहा-वीस वर्षंही टिकू शकतो.

ही दुसरी प्रक्रिया थांबवणारं औषध आज उपलब्ध नाही. शस्त्रक्रिया दाताची जागा बदलते, मुळाचं भवितव्य बदलत नाही. पेशंटला हे पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं पाहिजे, आणि नसेल सांगितलं तर तुम्ही विचारलं पाहिजे.

## टप्पा १: दात खरंच चिकटलाय का, हे ठरवा

१. ठोकून ऐका. तोंड तपासायच्या आरशाची दांडी उभी धरून दाताच्या टोकावर मुळाच्या दिशेने हलकेच ठोकतात. आधी दुसऱ्या बाजूचा तोच दात, मग संशयित दात, मग परत पहिला. चांगल्या दाताचा आवाज दबका, बसका येतो. चिकटलेल्या दाताचा आवाज कडक, उंच, धातूवर ठोकल्यासारखा येतो. ओठ दाताला लागलेला असेल तर आवाज बदलतो, म्हणून ओठ बाजूला करून, पंखा आणि सक्शन बंद करूनच ऐकावं. हा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला तर सहा महिन्यांनी तुलना करता येते.

२. हलवून बघा. प्रत्येक निरोगी दात किंचित हलतो. बोट एका बाजूला आणि आरशाची दांडी दुसऱ्या बाजूला ठेवली की ती हालचाल जाणवते. चिकटलेला दात अजिबात हलत नाही. मात्र मुळाचा अगदी छोटा भाग चिकटला असेल तर दात थोडा हलतोही आणि आवाजही नेहमीसारखा येतो. एका तपासणीवर निकाल देऊ नये तो यासाठी.

३. उंची मोजा. शेजारच्या दातांच्या टोकापासून हा दात किती वर आहे, हिरडीची कड किती वर गेली आहे, हे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. वाढत्या मुलात दर तीन ते सहा महिन्यांनी समोरून फोटो आणि दातांचा साचा. फरक वाढत असेल तर दात थांबलाय हे नक्की.

४. एक्स-रे. साध्या एक्स-रेमध्ये मुळाच्या फक्त दोन्ही कडा दिसतात. ओठाकडचा आणि टाळूकडचा पृष्ठभाग एकमेकांवर पडतो. एक्स-रेमध्ये पडद्याची काळी रेघ दिसली म्हणून दात सुटा आहे, असं मानणं ही नेहमीची चूक. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर त्या भागापुरता सीबीसीटी (सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय) स्कॅन करावा. त्यात रेडिएशन जास्त असतं, म्हणून पूर्ण जबड्याचा हट्ट धरू नये.

> थांबा आणि तपासा: दात हलत नाही याचं कारण दरवेळी अँकिलोसिस नसतं. टाळूत अडकलेला सुळा साखळीने ओढूनही येत नसेल तर ओढण्याची दिशा चुकलेली असू शकते, तो शेजारच्या मुळाला अडत असू शकतो, किंवा त्याच्या मानेपाशी मूळ बाहेरून पोखरलेलं असू शकतं. ही तीन कारणं स्कॅनवर वगळल्याशिवाय सुळ्यावर चिकटल्याचा शिक्का मारू नका.

दुधाच्या दाढेबद्दल थोडक्यात. खालची दुधाची दाढ चिकटून खाली बसल्यासारखी दिसते तेव्हा पहिला प्रश्न एकच: तिच्याखाली कायमची उपदाढ आहे का? असेल तर बहुतेक वेळा ती दाढ थोड्या उशिराने स्वतःच पडते. एक्स-रे काढून वाट पाहायची. नसेल, किंवा शेजारची दाढ तिच्यावर कलू लागली असेल, तर ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवायचं. अशी दाढ खाली-वर करायची शस्त्रक्रिया लागत नाही.

## टप्पा २: वाढ संपली का, हे पाहा

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, कारण पालकांना शाळेतल्या चिडवण्याची काळजी असते आणि डॉक्टरला काहीतरी करून दाखवायचं असतं. वाढत्या जबड्यात चिकटलेला दात खाली आणला तरी तो चिकटलेलाच राहतो. जबडा पुढे वाढतो आणि वर्ष-दोन वर्षांत दात परत वर गेलेला दिसतो. एक मोठी शस्त्रक्रिया वाया.

वयाचा दाखला इथे पुरत नाही. मुलींची वाढ साधारण सोळा-सतरापर्यंत आणि मुलांची अठरा-वीसपर्यंत आटोपते, पण कुणाची उशिरापर्यंत चालते. खात्रीचा मार्ग म्हणजे सेफॅलोग्राम, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने दोन काढायचे आणि एकावर एक ठेवून पाहायचं. फरक नसेल तर वाढ थांबली. मनगटाचा एक्स-रे किंवा मानेच्या मणक्यांचा आकारही मदतीला येतो. घरी करण्यासारखी साधी नोंद म्हणजे उंची. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करा. उंची वाढतेय तर जबडाही वाढतोय.

> इशारा: वाढत्या मुलात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, नको. इम्प्लांटही थेट हाडाला जुळतो, म्हणजे तो स्वतःच एक चिकटलेला दात होतो. चौदाव्या वर्षी बसवलेला इम्प्लांट विसाव्या वर्षी आखूड दिसणार.

## टप्पा ३: मार्ग निवडा

वय, शेजारच्या दातांशी उंचीचा फरक किती, आणि मुळाचा किती भाग उरलाय, या तीन गोष्टींवर निवड होते.

वाढ संपलेली आहे आणि फरक मिलिमीटरभर आहे: शस्त्रक्रियेची गरज नाही. टोकाला कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून लांबी वाढवा आणि वर्षातून एकदा एक्स-रे. एवढंच पुष्कळदा पुरतं, आणि मी शक्य तिथे हेच सुचवतो.

वाढ संपली आहे, मूळ बऱ्यापैकी शाबूत आहे आणि चिकटलेला भाग छोटा वाटतो: दात हलवून सोडवणं आणि लगेच ब्रेसेसने ओढणं. यात हाड कापावं लागत नाही. पण यशाची खात्री कमी, आणि हे आधीच मान्य करून पुढे जावं.

वाढ संपली आहे, फरक जास्त आहे, हिरडीही वर गेली आहे: हाडाच्या तुकड्यासकट दात खाली आणणं. यात दात, हाड आणि हिरडी तिन्ही एकत्र खाली येतात. पुढे कधी दात गेला तरी इम्प्लांटसाठी हाड योग्य पातळीवर मिळतं. या शस्त्रक्रियेचा खरा फायदा हाच आहे.

मूल वाढतंय आणि फरक एक मिलिमीटरच्या पुढे जाऊन वाढत चाललाय: डिकोरोनेशन, म्हणजे दाताचा दिसणारा भाग काढून मूळ आत ठेवणं. ही पद्धत स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात पुढे आली. योग्य वयाच्या काही मुलांमध्ये त्या जागी त्याच मुलाची उपदाढ लावता येते. तिचं मूळ अर्धं ते तीन-चतुर्थांश तयार असताना हे सगळ्यात चांगलं जमतं. म्हणून नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला वेळेवर ऑर्थोडॉन्टिस्टकडे न नेणं म्हणजे एक चांगली संधी घालवणं.

हे सगळं एका खुर्चीत बसून एका डॉक्टरने ठरवायचं काम नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट, ओरल सर्जन आणि रूट कॅनाल तज्ज्ञ, तिघांनी एकच स्कॅन पाहून बोलायला हवं. मुंबईच्या नायर डेंटल कॉलेजमध्ये, मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये हे विभाग एकाच इमारतीत किंवा एकाच आवारात सापडतात. खाजगीत जात असाल तर तिघांची लेखी मतं एका फाइलमध्ये गोळा करा.

## टप्पा ४: तयारी

१. मुळांमधली जागा. हाडाचा तुकडा कापायचा असेल तर चिकटलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंना, शेजारच्या मुळांपासून निदान दोन-तीन मिलिमीटर हाड हवं. ते बहुधा नसतं. मग ब्रेसेसने शेजारची मुळं आधी बाजूला वळवावी लागतात, आणि यात काही महिने जातात. पेशंटला वाटतं, उगाच वेळ काढतायत. पण हा वेळ वाचवला तर आरी शेजारच्या निरोगी मुळाला लागते.

२. चिकटलेल्या दाताला आधार समजू नका. तार सगळ्या दातांवर एकसारखी बांधून जोर लावला तर हलेल तो शेजारचा दात. शस्त्रक्रियेआधी चिकटलेला दात मुख्य तारेपासून मोकळा ठेवावा. बाकी कमानीवर जाड, न वाकणारी स्टीलची तार हवी, म्हणजे नंतर ओढताना शेजारचे दात वर जाणार नाहीत. शेजारचे दात आधीच वर गेले असतील तर आधी ते खाली आणा.

३. ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावरचा छोटा तुकडा, आधी चिकटवा. शस्त्रक्रियेच्या आधीच, कोरड्या तोंडात. हिरडी उघडून रक्त आल्यावर ब्रॅकेट धड चिकटत नाही, आणि दोन दिवसांनी निघाला तर दात हलवून केलेला सगळा खटाटोप फुकट जातो. ही गोष्ट बारीक वाटते, पण बिघडलेल्या केसेसमध्ये वारंवार दिसते.

४. दाताची नस. थंड चाचणीने संशयित दात आणि शेजारचे दोन्ही दात तपासून नोंद करा. शेजारच्यांची आधीची नोंद नसेल तर नंतर त्यांची नस शस्त्रक्रियेने मेली की आधीच मेलेली होती, कळत नाही. नस मेलेली असेल, एक्स-रेमध्ये मुळाच्या शेंड्यापाशी काळा डाग असेल, तर रूट कॅनाल आधी. पू असलेल्या जागी हाड कापायचं नाही.

५. तब्येत. मधुमेह आटोक्यात आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेता का, हे न विचारता सांगा. शेवटच्या प्रकारातली औषधं घेणाऱ्यांचं जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी सर्जनने बोलायचं असतं.

> इशारा: तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि मिश्री, चारही बंद. मिश्री हा तंबाखूच आहे. घरातल्या बाई "मी तंबाखू खात नाही" असं खरं मानून सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. विचारताना मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं.

## टप्पा ५ अ: दात हलवून सोडवणं

जागेवर भूल देऊन हे होतं. चिमटा दाताच्या मानेवर घट्ट बसवून अगदी सावकाश, पुढे-मागे आणि किंचित गोल दाब द्यायचा. हेतू एवढाच की मूळ आणि हाड यांना जोडणारा छोटा पूल तुटावा. तो तुटला की हाताला बारीक कट् जाणवतो आणि दात मिलिमीटरभर हलू लागतो. तिथेच थांबायचं. दात बाहेर काढायचा नाही, शेंड्यापाशी जाणाऱ्या रक्तवाहिन्या शक्य तेवढ्या वाचवायच्या.

सर्जनने टाळायच्या चुका: शेजारच्या दातावर टेकू घेऊन एलिव्हेटर (दात उचकटायचं हत्यार) चालवणं. दात सुटत नाही म्हणून जोर वाढवत जाणं. आधीच निम्मं कुरतडलेलं मूळ अशा जोराने मधोमध तुटतं. ठरावीक दाबाला दात दाद देत नसेल तर काम थांबवून हाडाच्या तुकड्याच्या पर्यायाकडे जावं. त्याची लेखी संमती आधीच घेऊन ठेवलेली असावी.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ओढ त्याच बसण्यात लावायची. पेशंट खुर्चीतून उठण्याआधी ब्रॅकेटवरून ओढणारी तार किंवा इलॅस्टिक चालू झालं पाहिजे. "सूज उतरू दे, पुढच्या आठवड्यात ऑर्थोकडे जा" असं सांगितलं जातं आणि तेवढ्यात हाड परत जुळायला लागतं. सर्जरीची तारीख ऑर्थोडॉन्टिस्टच्या तारखेशी जुळवूनच घ्या. शक्य असेल तर दोघं एकाच वेळी हजर हवेत.

पहिली तपासणी आठवड्यात, मग दर एक-दोन आठवड्यांनी ओढ ताजी करायची. प्रत्येक वेळी ठोकून आवाज ऐकायचा. धातूसारखा आवाज परत आला आणि शेजारचे दात वर सरकू लागले, तर ओढ ताबडतोब काढा. एकदा परत सोडवून पाहता येतं. दुसऱ्यांदाही चिकटला तर या मार्गाचा हट्ट सोडावा.

## टप्पा ५ ब: हाडाच्या तुकड्यासकट खाली आणणं

याला सिंगल टूथ ऑस्टिओटॉमी म्हणतात. जागेवरच्या भुलीत किंवा पूर्ण भुलीत करता येते. क्रम असा:

१. ओठाच्या बाजूने हिरडीत चीर देऊन हाड उघडं करतात. टाळूकडची त्वचा उचलायची नाही. कापलेल्या तुकड्याला रक्त मिळणार ते तिथूनच. दोन्ही बाजूंनी त्वचा सोडवली तर तुकडा मरतो.

२. दाताच्या दोन्ही बाजूंना उभे काप, मुळाच्या शेंड्याच्या वर तीन ते पाच मिलिमीटर सोडून एक आडवा काप. त्याहून जवळ कापलं तर नस मरते. पिझो यंत्राने (कंपनांनी हाड कापणाऱ्या) किंवा बारीक बर्रने (ड्रिलच्या टोकाने), सतत गार सलाइनचं पाणी सोडत. हाड तापलं की करपतं आणि नंतर भरून येत नाही.

३. शेवटचा भाग पातळ छिन्नीने. सर्जनचं एक बोट या वेळी टाळूवर असतं. छिन्नीचं टोक हाडापलीकडे आलं की बोटाला त्वचेखाली जाणवतं, आणि तिथे हात थांबतो.

४. तुकडा सुटा झाला की तो बोटांनी हळूच खाली आणून बघतात. टाळूची त्वचा किती ताणली जातेय यावर हालचालीची मर्यादा ठरते. हिरडी पांढरी पडली तर तुकडा परत वर नेऊन रंग येईपर्यंत थांबायचं.

५. फरक लहान असेल तर एकाच वेळी जागेवर आणून जाड तारेला बांधतात आणि साधारण चार ते सहा आठवडे तसाच ठेवतात. फरक मोठा असेल तर डिस्ट्रॅक्शन: पाच ते सात दिवस थांबायचं, मग दिवसाला अर्धा ते एक मिलिमीटर इतक्या गतीने तुकडा खाली आणायचा, आणि इच्छित जागी पोचल्यावर नवं हाड पक्कं होईपर्यंत दोन-तीन महिने धरून ठेवायचं.

> थांबा आणि तपासा: डिस्ट्रॅक्शनमध्ये तुकडा सरकवणाऱ्या साधनाचा स्क्रू घरी फिरवायचा असतो. किती वेळा, कुठल्या दिशेने, हे तोंडी ऐकून घरी जाऊ नका. दवाखान्यातच स्वतः एकदा फिरवून दाखवा, आणि कॅलेंडरवर प्रत्येक फेरीची खूण करा. एखादी फेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन्ही एकदम करू नका, फोन करून विचारा. घाईने ओढलं तर मधल्या फटीत हाडाऐवजी नुसतं मऊ ऊतक भरतं. फार सावकाश गेलं तर मध्येच हाड जुळून तुकडा अडकतो.

## टप्पा ५ क: वाढत्या मुलात डिकोरोनेशन

पालकांना ऐकताना हे दात तोडण्यासारखं वाटतं आणि ते घाबरतात. पण हा हाड वाचवायचा उपाय आहे. हिरडी थोडी उचलून दाताचा दिसणारा भाग कापतात. उरलेलं मूळ हाडाच्या कडेच्या दीड-दोन मिलिमीटर खाली घासतात. आत रूट कॅनालचं भरण असेल तर ते पूर्ण काढायचं. गटापर्चा (त्या भरणातला रबरासारखा पदार्थ) आत राहिला तर त्या जागी हाड बनत नाही. मग शेंड्यापलीकडून बारीक फाइलने रक्त आणून पोकळी रक्ताने भरू द्यायची आणि वरून हिरडी शिवायची.

मूळ हळूहळू हाडात बदलतं, रुंदी टिकते, आणि वाढ चालू असेल तर वरच्या बाजूला नवं हाडही चढतं. कापलेला दात फेकू नका. तोच मागून घासून शेजारच्या दातांना चिकटवला तर मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतो. जबडा वाढेल तसा तो वेळोवेळी काढून परत लावावा लागतो.

## टप्पा ६: पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक, दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं काढून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, त्यात घाबरण्यासारखं नाही. मऊ भात, वरण, पेज, खिमट, ताक. समोरच्या दातांनी काहीही तोडायचं नाही, भाकरीही कुस्करून. चूळ खळखळून भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं आणि सोबत चहा असेल तर दात डागाळतात. टाके निघाल्यावर ब्रॅकेटच्या भोवती मऊ ब्रश रोज फिरलाच पाहिजे.

> त्याच दिवशी फोन करा: दाताभोवतीची हिरडी पांढरी किंवा काळसर-निळी पडली, ब्रॅकेट किंवा तार सुटली, ताप आला, पू किंवा घाण वास सुरू झाला, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढू लागली.

तार सुटली तर "पुढच्या तारखेला दाखवू" नको. या काळात मोकळे गेलेले चार दिवससुद्धा महाग पडतात.

## टप्पा ७: मुळाची गुंतागुंत

शस्त्रक्रिया झाली, दात खाली आला, फोटो चांगला आला, आणि पेशंट यायचा बंद झाला. गडबड इथे सुरू होते, कारण मुळाच्या तक्रारी दुखत नाहीत. एक्स-रे एका महिन्याने, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग निदान पाच वर्षं दरवर्षी. शक्यतो एकाच कोनातून, म्हणजे तुलना होते.

मूळ विरघळण्याचे प्रकार वेगळे असतात आणि त्यांचे उपायही. ते एकमेकांत मिसळले की नुकसान होतं.

जंतुसंसर्गामुळे विरघळणं. आत मेलेली नस आणि बाहेर जखमी मूळ. एक्स-रेमध्ये मुळाला खळगे पडलेले दिसतात आणि शेजारच्या हाडातही काळी जागा दिसते. मुलांत हे काही महिन्यांत मूळ खाऊन टाकतं, म्हणून इथे थांबायला वेळ नाही. पण उपाय आहे: ताबडतोब रूट कॅनाल सुरू करून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि एक्स-रेमध्ये पडद्याची रेघ परत दिसू लागल्यावर कायमचं भरण. वेळेत केलं तर थांबतं.

हाड भरत जाऊन विरघळणं. हे मूळ चिकटण्याचंच पुढचं रूप. काळी जागा दिसत नाही, मूळ पुसट होत हाडात मिसळत जातं आणि ठोकल्यावर आवाज कडक येतो. यावर रूट कॅनालचा काही उपयोग नाही. तरीही एकाच दाताचं दोन-तीनदा रूट कॅनाल करून घेतलेले पेशंट दिसतात, पैसे आणि दाताचा उरलेला कस दोन्ही गेलेले. इथे फक्त गती मोजायची आणि पुढची तयारी करायची.

मानेपाशी बाहेरून पोखरणं. हिरडीलगत दातावर गुलाबी ठिपका दिसला तर याचा संशय घ्या. खड्डा लहान असताना साफ करून भरता येतो. मुळात खोल गेला तर दात वाचवणं अवघड. ठिपका दिसला की स्कॅन.

नस मरणं. दात करडा पडणं, थंड चाचणीला प्रतिसाद नसणं आणि एक्स-रेमध्ये शेंड्यापाशी डाग, यातली निदान दोन लक्षणं हवीत. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने नस नुसती सुन्न असू शकते, म्हणून एकट्या थंड चाचणीवर रूट कॅनाल सुरू करू नये. दात पिवळसर झाला आणि एक्स-रेमध्ये आतली पोकळी भरत गेलेली दिसली, तर ती बहुधा जिवंत नसेची प्रतिक्रिया असते. संसर्ग नसेल तर हात लावू नका.

मूळ तुटणं. दात सोडवताना शेंड्याकडचा तिसरा हिस्सा तुटला आणि जागेवरच राहिला, तर तो उकरायला जाऊ नये. खालचा भाग स्थिर धरला तर तो पुष्कळदा टिकतो. मात्र वाकड्या शेंड्याच्या सुळ्यात तो शेंडा मुद्दाम कापून आत ठेवतात आणि उरलेला दात ओढतात. तो ठरवून केलेला काप असतो, अपघात नाही. फाइलमध्ये तसं लिहिलेलं असावं, नाहीतर पुढचा डॉक्टर त्याला तुटलेलं मूळ समजून काढायला बसतो.

> थांबा आणि तपासा: प्रत्येक एक्स-रेमध्ये शेजारच्या दोन्ही मुळांकडेही पाहा. कापाच्या रेषेलगतचं मूळ खरवडलं गेलं असेल तर त्याची खूण महिन्यांनी दिसते.

## टप्पा ८: दात शेवटी जाणार असेल तेव्हा

मूळ जवळजवळ संपलं की दात हिरडीपाशी हलू लागतो, किंवा खाताना मानेतून मोडतो. या वेळी चिमट्याने ओढून काढायचा आग्रह धरू नका आणि धरू देऊ नका. मुळाचे चिकटलेले भाग ओढताना ओठाकडचं कागदासारखं पातळ हाड सोबत येतं, आणि मग इम्प्लांटआधी हाड भरायची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. त्याऐवजी मानेतून कापून संसर्ग नसलेलं मूळ हाडाच्या कडेखाली ठेवून हिरडी शिवता येते, अगदी डिकोरोनेशनसारखी. आत रूट कॅनालचं भरण असेल तर ते इथेही आधी काढायचं.

इम्प्लांटचा निर्णय वाढ संपल्याच्या दोन सेफॅलोग्रामनंतर. तोपर्यंत शेजारच्या एका दाताला मागून चिकटवलेला एका पंखाचा ब्रिज चालतो, त्यासाठी चांगले दात फारसे घासावे लागत नाहीत. तो लावताना ब्रिजखाली फ्लॉस घालायला जागा ठेवायला सांगा, आणि दर सहा महिन्यांनी तो सुटलाय का हे तपासून घ्या.